अण्णा, तुमची गुरुवारची मालिका

अण्णा,

काल संध्याकाळी इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं भेटायला आली होती. सोफ्यावर जागा पुरेना म्हणून विवेकने बेसमेंटमधून तुमच्या दोन खुर्च्या वर आणल्या. चहा झाला, तुमच्या फोटोला नमस्कार झाले, आणि पाचेक मिनिटांत जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "काय कॅरेक्टर होते ना अण्णा!" आणि दुसऱ्याने लगेच तुमचा आवाज काढला: "ती पोट्टी जेवून नाही राहिली, बेटा!" सगळे हसले. वाईट हेतूने नाही, मायेनेच हसले. पण तो आवाज तुमचा नव्हता, माझा होता. सहा वर्षांपूर्वी मी स्टेजवर काढलेला. त्यातल्या निम्म्या लोकांनी तुमच्याशी दोन वाक्यंसुद्धा बोललेली नाहीत. तुम्ही कसे बोलत होतात हे त्यांना माझ्याकडून कळलंय.

निघताना मंडळाच्या अध्यक्षा शुभांगीताई माझा हात धरून म्हणाल्या, "शनिवारी हॉलमध्ये श्रद्धांजलीचा छोटासा प्रोग्रॅम ठेवतोय. तू ते स्किट परत कर ना गं. ॲज अ ट्रिब्यूट. ही वॉज सच अ स्पोर्ट!"

आणि मी काय म्हणाले असेन? "बघते," म्हणाले. नाही म्हणायला एक अक्षर कमी लागलं असतं. तुमची नात सई सिंकपाशी कप विसळत होती. ती लंडनहून, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनहून, तुमच्यासाठी आली आहे. तिने नळ बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली तुमच्या खोलीत निघून गेली.

कुणाच्याही शोकसभेहून परत आलात की तुम्ही म्हणायचात, मेल्या म्हशीला मणभर दूध. तेव्हा घाबरू नका, मी तुमचे गुण गायला बसलेली नाही. माझा एक अपराध सांगायचा आहे, आणि तो तुम्हाला माझ्याही आधीपासून माहीत आहे.

सासूबाई गेल्यावर तुम्ही वर्ध्याहून कॅल्गरीला आलात तेव्हा सई नववीत होती. जन्मभर एसटीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसून गाड्या सोडलेला माणूस, त्याला इथे बेसमेंटच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं तेवढी दिसायची. मी दिवसभर क्लिनिकमध्ये, विवेक डाउनटाउनला तेलकंपनीच्या ऑफिसात. चार वाजता सई शाळेतून यायची आणि तुम्ही दोघं खाली ती मालिका लावून बसायचात. जुने भाग रोज चारला, नवा भाग गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. शाळेतली पाच मुलं, त्यांचे लॉकर, त्यांचं कॅन्टीन, कुणाचा कुणावर जीव, कुणाचं कुणाशी बिनसलंय. मी दोनदा पाहिली आणि नाक मुरडून वर आले. सत्तरीचा माणूस आणि हे काय बघतो, असं मला वाटलं होतं.

तुम्ही मात्र मन लावून बघत होतात. पात्रांची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून तुम्ही सगळ्यांचं नव्याने बारसं केलंत. उंच मुलगा लंबू, दुसरा गोट्या, हुशार मुलगी चष्मेवाली. बोलणं भरभर चालायचं म्हणून सईने पडद्यावर खालच्या ओळी सुरू करून दिल्या, आणि तुम्ही मॅट्रिकच्या इंग्रजीवर त्या वाचायला लागलात. एकच गोष्ट तुम्हाला खटकायची, मागून ऐकू येणारं हसू. "हे कोण लोक आहेत मागं? ती पोट्टी रडायला आली अन् हे काहून हसून राहिले?" सईने सांगितलं की ते हसणं नंतर चिकटवतात. तुम्ही म्हणालात, "अन् खाली लिहूनही दाखवतात, 'हसतात' म्हणून. आपल्याला समजलं नाही तर!" त्या दिवशी सई इतकी हसली होती की तिला उचकी लागली.

मग ती बारावी झाली आणि इंजिनिअरिंगला हॅलिफॅक्सला गेली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच सप्टेंबरात मालिकेतली मुलंही शाळेतून निघाली. पाचातली तिघं दुसऱ्या गावी कॉलेजात गेली आणि त्यांची वेगळीच मालिका सुरू झाली. सईने जाण्याआधी तुम्हाला समजावलं होतं, आजोबा, याला स्पिनऑफ म्हणतात. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मेन गाडी डेपोत लागली, अन् तिच्यातले तीन प्रवासी घेऊन नवी गाडी सुटली."

हॅलिफॅक्सचं घड्याळ आपल्यापुढे तीन तास. तिथे साडेसातचा भाग सई आपल्या साडेचारलाच पाहून मोकळी व्हायची, आणि मग तुम्हाला फोन करायची. आज काय होणार ते सांगायचं नाही, हा तुमचा करार होता. पण मग तासभर दोघं काय बोलायचात, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मी घरी पोचायचे तेव्हा फोन झालेला असायचा. मी तिला रविवारी फोन करत होते. मिडटर्म कधी, मार्क किती, जेवतेस ना. ती म्हणायची, "आयॅम फाइन, आई." मी खूश.

त्या नव्या मालिकेवरून आपलं वाजायचं, आठवतं? मी कुठेतरी वाचलं होतं की ती फसली आहे, पहिलीची सर नाही. तुम्ही ते मान्य करायला तयार नव्हतात. "शाळेच्या मालिकेत संध्याकाळ झाली की सगळे पोट्टे आपापल्या घरी जात होते," तुम्ही म्हणालात. "हिच्यात कोणी घरी जाऊन नाही राहिलं. म्हणून लोकांना आवडून नाही राहिली." मी म्हणाले, अण्णा, ती विनोदी मालिका आहे, एवढं तत्त्वज्ञान नको. तुम्ही भातावर वरण घेतलंत. तो वाद तसाच राहिला. आज मला तुमचं म्हणणं पटतं, पण आता पटून काय उपयोग.

ऑक्टोबरपासून गुरुवारी आठ वाजता तुम्ही जिना चढून वर यायचात, पानावर बसायचात आणि त्या दिवशीचा भाग सांगायचात. आम्ही विचारलं नाही तरी सांगायचात.

"चष्मेवाली क्लासला जाऊन नाही राहिली."

"बरं," मी म्हणायचे.

"खोलीत पडून राहते. पडदे लावून. जेवून नाही राहिली धड."

"हं."

"आईला काही माहीत नाही तिच्या. आई फोन करते, मार्क विचारते. पोट्टी फाइन म्हणते अन् ठेवून देते."

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. चष्मेवालीने परीक्षाच दिली नाही. चष्मेवाली दोन दिवस आंघोळ करत नाही. एकदा तर हातातला घास तसाच ठेवून तुम्ही मला विचारलंत, "तिच्या आईनं एकदा जाऊन पाहावं की नाही, बेटा? तुला काय वाटते?"

मी म्हणाले, "अहो अण्णा, ती नटी आहे. चष्मासुद्धा खोटा असेल तिचा."

विवेक हसला. मी हसले. तुम्ही घास उचललात.

आता दिवाळीचं. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी वीस मिनिटांचं प्रहसन हवं होतं, आणि मंडळाची लेखिका मी. पुण्याची, भरत नाट्यमधल्या एकांकिका बघत वाढलेली, जिभेला धार असलेली. तुमचं 'जेवून नाही राहिली' ऐकून लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी माहेरी फोन करून तुमची नक्कल केली होती. आई पोट धरून हसली होती. तेव्हापासून ती नक्कल माझ्या ठेवणीतली. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. दोन संध्याकाळींत लिहून झालं. नाव ठेवलं 'अण्णा कॉलेजात'. एक म्हातारा अमेरिकन धाटणीची पोरांची मालिका बघतो, त्यातल्या पोरीला खरी समजतो, आणि रोज सुनेला तिची काळजी सांगून भंडावून सोडतो. तुमची वाक्यं मी तशीच्या तशी घातली. बदलायची गरजच नव्हती, इतकी छान होती.

अण्णांचं काम मीच केलं. नऊवारी नेसणाऱ्या बायका खूप होत्या, म्हाताऱ्याचं काम करायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही घरभर फिरून विचारत होतात, "माझी कानटोपी पाहिली का कोणी?" ती तपकिरी, सासूबाईंनी विणलेली. बाहेर उणे पंधरा होतं. मी म्हणाले, "नाही बुवा." ती माझ्या पर्समध्ये होती. मला वाटलं, स्टेजवर टोपी दिसली की तुम्हाला मजा वाटेल. खरं सांगायचं तर तुम्हाला काय वाटेल याचा मी विचारच केला नव्हता. प्रेक्षकांना काय वाटेल एवढाच केला होता. तुम्ही मफलर डोक्याला गुंडाळून हॉलवर आलात.

पहिल्या रांगेत बसवलं तुम्हाला, मानाने. पडदा उघडला, मी तुमची टोपी घालून, तुमच्यासारखी गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य टाकलं. हॉल कोसळला. पुढची वीस मिनिटं मी जे म्हणेन त्यावर लोक हसत होते. क्लासला जाऊन नाही राहिली, हशा. पडदे लावून पडून राहते, हशा. परीक्षाच दिली नाही बेटा, टाळ्या. माझ्या आयुष्यात मला एवढं यश पुन्हा मिळालेलं नाही, आणि मिळू नये.

शेवटी शुभांगीताईंनी तुम्हाला वर बोलावलं आणि माइक हातात दिला. खरे अण्णा, दोन शब्द बोला. तुम्ही माइक तोंडाच्या फार जवळ धरलात. म्हणालात, "बरोबर लिहिलं सूनबाईनं. मला मालिकेतलं अन् घरातलं वेगळं समजत नाही. म्हातारपण आहे." पुन्हा हशा, उभं राहून टाळ्या. सगळे म्हणाले, किती खिलाडू वृत्ती. मीही म्हणाले. घरी येताना गाडीत मी टोपी तुमच्या मांडीवर ठेवली. तुम्ही ती हातात धरून बसलात, घातली नाहीत.

पुढच्या गुरुवारी आठ वाजता तुम्ही वर आलात, पानावर बसलात. मी लाडात येऊन विचारलं, "मग, काय म्हणते आज चष्मेवाली?"

"काही नाही. बरं आहे तिचं."

मला वाटलं, रुसलात. दोन दिवसांत निवळेल, म्हटलं. त्यानंतर एकाही गुरुवारी तुम्ही मालिकेबद्दल बोलला नाहीत, आणि खोटं कशाला सांगू, जेवणं शांततेत होतात म्हणून मला बरंच वाटलं.

डिसेंबर लागला तसं तुम्ही विवेकला म्हणालात, मला हॅलिफॅक्सला जायचं आहे, समुद्र पाहायचा आहे. भर हिवाळ्यात समुद्र! आम्ही मे महिन्यात जाऊ म्हणालो. तुम्ही ऐकेनात. इतक्या वर्षांत तुम्ही कशासाठी हट्ट धरला असेल तर तो याच एका गोष्टीसाठी. विवेकच्या ओळखीचे तिथले एक निवृत्त डॉक्टर तुम्हाला ठेवून घ्यायला तयार झाले. व्हीलचेअरची मदत तुम्ही घेतली नाहीत. "टोरांटोला गाडी बदलायची, एवढंच ना?" म्हणालात आणि गेलात. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं, अण्णा खरंच कॉलेजात गेले. त्यावरही आम्ही हसून घेतलं.

आठ दिवसांनी तुम्ही आलात ते सईला घेऊन. ख्रिसमसची सुट्टी होतीच, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली, तिने तुमचा हात धरला आणि आम्हाला सांगितलं. सप्टेंबरच्या अखेरीपासून ती एकाही वर्गात गेलेली नव्हती. सकाळी दाराची मूठ धरली की छातीत धडधडायचं, हात ओले व्हायचे. मग ती पुन्हा अंथरुणात शिरायची. मिडटर्म दिल्या नव्हत्या. बिस्किटांवर दिवस काढत होती. हे तिने फक्त तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुमच्याकडून शपथ घेतली होती की आईबाबांना कळता कामा नये. कळलं तर, म्हणाली होती, मी काय करीन सांगता येत नाही.

मी काय केलं, अण्णा? पोरीला जवळ घेतलं? नाही. मी तुमच्यावर ओरडले. "तुम्हाला माहीत होतं? तीन महिने माहीत होतं? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सांगितलं ना, बेटा. दर गुरुवारी सांगून राहिलो होतो."

मी उठले, वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल होता. 'परीक्षाच दिली नाही बेटा', आणि टाळ्या.

नंतर सईने मला सांगितलं की मालिकेत यातलं काहीच नव्हतं. चष्मेवाली तिथे चांगली मजेत होती, नाटकात काम करत होती, एका ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या मागे लागली होती. पडदे लावून पडून राहणारी चष्मेवाली फक्त तुमच्या तोंडी होती. शपथही मोडायची नाही आणि मला कळवायचं तर आहे, म्हणून दर गुरुवारी तुम्ही खाली बसून एक भाग रचत होतात आणि वर येऊन मला सांगत होतात. एक जरी खरा भाग मी पाहिला असता तर मला पत्ता लागला असता. लेखिका मी, अण्णा, आणि माझ्यासमोर बसून कुणीतरी गोष्ट रचतंय हे मला ओळखू आलं नाही. मी ती उचलली आणि तिच्यावर हशे घेतले.

तुमच्याशी तासभर काय बोलायची, हेही मी तिला तेव्हाच विचारलं. ती म्हणाली, "आजोबांनी मला एकदाही मार्क विचारले नाहीत. ही जस्ट आस्क्ड, आज खोलीबाहेर किती वाजता निघालीस? मी म्हणायचे, निघालेच नाही. ते म्हणायचे, ठीक आहे, गाडी लेट आहे, कॅन्सल नाही." हॅलिफॅक्सला तुम्ही रोज सकाळी बस घेऊन तिच्या हॉस्टेलच्या दारात जाऊन बसायचात. वर जायची परवानगी नव्हती, खाली बाकावर बसायचात. पहिल्या दिवशी ती दुपारी दोनला उतरली, दुसऱ्या दिवशी बाराला. चौथ्या दिवशी तुम्ही तिला फेरीबोटीतून बंदरापलीकडे नेलंत आणि परत आणलंत. पाचव्या दिवशी ती विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे गेली, आणि तुम्ही बाहेर कोट घालून बसून राहिलात. तुम्ही तिला काय समजावलंत, असं मी विचारलं तर म्हणाली, "नथिंग. ही जस्ट वेटेड."

तिने इंजिनिअरिंग सोडलं. आज लंडनच्या हॉस्पिटलात ती पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. तिला तुम्ही परत आणून दिलंत. हे ऋण शब्दांत मावणारं नाही आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. नेमकी हीच माझी लाजेची गोष्ट आहे. प्रहसन ही चूक होती, ती अजाणता झाली असं मी स्वतःला समजावू शकते. पण त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. त्याच घरात, चौदा पायऱ्या खाली. सहा वर्षांत मला 'अण्णा, माझं चुकलं' एवढं म्हणायला जमलं नाही. त्याऐवजी मी तुम्हाला मोठा चपटा टीव्ही आणून दिला. तुम्ही खोक्याकडे बघून म्हणालात, "अगं, पण ती मालिका तर बंद झाली. प्रवासी मिळाले नाहीत त्या गाडीला." आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी बातम्या लावून बसायचात.

एकदा मी आले होते. पाच वर्षं झाली असतील. तुम्ही खाली नखं काढत बसला होतात. मी शेवटच्या पायरीवर उभी राहून म्हणाले, "अण्णा, ते दिवाळीचं स्किट..."

तुम्ही मान वर केलीत. म्हणालात, "चहा ठेवते का, बेटा?"

मी वर जाऊन चहा ठेवला. त्याबद्दल मी अजून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते. तुम्ही मला त्या वेळी सोडवलंत की ऐकून घ्यायचं नाकारलंत? तुम्हाला माझी कीव आली, की राग इतका होता की माझ्या माफीने तो भागला नसता? तुम्ही रागावला असतात, एकदा ताट ढकललं असतंत, 'माझी टोपी चोरून माझ्याच नातीवर लोकांना हसवलंस' असं म्हणाला असतात, तर मी तुमच्या पाया पडून मोकळी झाले असते. पण तुम्ही नोव्हेंबर लागला की विचारत राहिलात, "टायर बदलले का गाडीचे?" मी यायच्या आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत राहिलात. तुमच्या चांगुलपणाआड मी सहा वर्षं लपून राहिले. तुम्ही हे ओळखलं नसेल असं मला वाटत नाही.

आज सकाळी सई म्हणाली, मला ती डीव्हीडी बघायची आहे. कार्यक्रमाचं चित्रण मंडळाने प्रत्येक घरी वाटलं होतं. मी ते कधीच लावलं नव्हतं आणि तिला कधी दाखवलं नव्हतं. आम्ही दोघींनी ते तुमच्या टीव्हीवर पाहिलं. ती हसली नाही, रडलीही नाही. मध्ये एकदा कॅमेरा पहिल्या रांगेवर जातो. मला वाटलं होतं तुम्ही माझ्याकडे बघत असाल. तुम्ही बघतच नव्हतात. मफलर बांधलेलं डोकं मागे वळवून तुम्ही हसणाऱ्या लोकांकडे बघत होतात, एकेका रांगेकडे. सईने तिथे थांबवलं. म्हणाली, "ते माझ्यावर हसतायत, आई. अँड ही न्यू. हॉलमध्ये फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं."

मग तुमचं भाषण आलं. मालिकेतलं अन् घरातलं वेगळं समजत नाही. एका वाक्यात तुम्ही सगळं सांगू शकला असतात. सून तिथेच होती, मुलगा तिथेच होता, माइक हातात होता. तुम्ही त्याऐवजी चारशे लोकांसमोर स्वतःला खुळं ठरवून घेतलंत, कारण एका पोरीला शब्द दिला होता.

सई म्हणाली, "शनिवारी तू स्किट करणार नाहीयेस."

"नाही," मी म्हणाले. या वेळी म्हणता आलं.

"मग काय करणार?"

मी तिला सांगितलं की हे लिहायला घेतलंय. पण यात तुझं सगळं येतं, मी म्हणाले, आणि ते चव्हाट्यावर आणायचा मला हक्क नाही. ती बराच वेळ खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "माझं नाव घाल. त्यांनी शब्द पाळला. दॅट्स डन. आता लोकांना कळू दे ते कोण होते."

म्हणून शनिवारी मी हेच वाचणार आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर. अण्णा, माझं चुकलं. तुमची भाषा हसण्यासारखी नव्हती, तुमची काळजी हसण्यासारखी नव्हती, आणि तुम्ही सांगत होतात ते माझ्याच लेकीचं होतं. मला माफ करा, असं मी म्हणणार आहे. 'असू दे बेटा' म्हणायला तुम्ही नाही आहात, आणि ते बरंच आहे. या वेळी मला कुणी सोडवू नये.

दुपारी मी सईला एकदा वाचून दाखवत होते. टेबलाशी तुमचं वाक्य आलं, दर गुरुवारी सांगून राहिलो होतो, आणि माझा आवाज आपोआप बदलला. नाकातून निघाला, शेवटचा शब्द लांबला, हात गुडघ्यावर गेला. माझ्या ध्यानातही आलं नाही. सईने कागदावर हात ठेवला.

"डोन्ट डू हिज व्हॉइस, आई."

"मी नाही काढला."

"काढलास. जस्ट से इट. तुझ्या आवाजात."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तसंच झालं. अण्णा, पंचवीस वर्षं तुमची नक्कल केल्यावर तुमचं एक वाक्य मला साधेपणाने म्हणता येत नाही. संध्याकाळपासून मी स्वयंपाकघरात एकटी ते म्हणून बघते आहे. अजून जमलेलं नाही. शनिवारला दोन दिवस आहेत.